रोम म्हणजे सुविचारांचा फळा नव्हे

हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं. गेल्या महिन्यात आमच्या गटातल्या एका पालकांनी आपल्या मुलीला माझ्या तासाला पाठवणं बंद केलं, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकावं. आज भांडायचं आहे, त्यामुळे फार गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. आणि घरच्या वाचकांनी (आत्या, हे तुला!) शेवटपर्यंत वाचल्याशिवाय फोन करू नये.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. आम्ही टेक्ससमध्ये राहतो. आमची दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत, घरी शिकतात. का, यावर पूर्वी भरपूर लिहून आणि त्याहून भरपूर ऐकून झालं आहे, तो विषय आज नको. अशीच घरी शिकणारी सात मुलं, वय वर्षं तेरा ते सतरा, दर गुरुवारी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती जमतात. पालकांनी विषय वाटून घेतले आहेत. एक बाबा रसायनशास्त्र घेतात, एक आई स्पॅनिश. माझ्या वाट्याला प्राचीन रोम आला आहे, म्हणजे खरं तर मीच तो ओढून घेतला आहे.

टेक्ससमध्ये घरी शिकवणाऱ्यांना पाच गोष्टी शिकवणं बंधनकारक आहे: वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व. इतिहासाचं नावसुद्धा नाही. त्यामुळे इतिहास येतो तो बहुतेक घरांत या पाचव्या दाराने. मुलांना चांगले नागरिक बनवायचं, त्यासाठी चांगल्या गोष्टी हव्यात, आणि चांगल्या गोष्टींचा तयार साठा म्हणजे रोम! घरी शिकवणाऱ्यांसाठी छापलेली या विषयावरची जी पुस्तकं माझ्या हाती आली, त्यातल्या बऱ्याच जणांचा साचा एकच आहे. आधी साधे, कष्टाळू, देशभक्त शेतकरी. मग विजय. मग पैसा, चैन, मेजवान्या. मग नीती ढासळली आणि साम्राज्य कोसळलं. धड्याखाली रिकाम्या जागा भरा, आणि त्याखाली 'या धड्यातून तुम्ही काय शिकलात?' आमच्या लहानपणी शाळेत रोज फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात सुविचार लिहीत. या पुस्तकांनी अख्ख्या रोमचा तो कोपरा केला आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना रोम असा शिकवणं ही फसवणूक आहे. आणि घरी शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत ती जास्त धोक्याची आहे. का, ते सांगते.

सिन्सिनॅटसचीच गोष्ट घ्या. अमेरिकेत ही गोष्ट फार लाडकी. ओहायोतल्या सिनसिनाटी शहराच्या नावाचा उगम शेवटी या माणसापर्यंतच जातो. इ.स.पू. ४५८. शत्रूने रोमन सैन्य कोंडीत पकडलं आहे. सिनेटचे दूत शेतात नांगर धरलेल्या सिन्सिनॅटसकडे येतात आणि त्याला हुकूमशहा नेमतात. तो जातो, लढाई जिंकतो, आणि सोळाव्या दिवशी सत्ता सोडून पुन्हा शेतावर. सुंदर गोष्ट आहे, मलाही आवडते. रिकामी जागा: सिन्सिनॅटस सत्तेला ____ नव्हता. उत्तर: हपापलेला.

आता, ही गोष्ट ज्याने रंगवून सांगितली तो लिव्ही हा इतिहासकार पुढे एक दुसरीही गोष्ट सांगतो. इ.स.पू. ४३९. रोममध्ये धान्यटंचाई. स्प्युरियस मीलियस नावाचा एक श्रीमंत व्यापारी स्वतःच्या पैशाने धान्य आणून गरिबांना वाटतो. लोक त्याच्या मागे जायला लागतात. सरदार घराण्यांना भीती वाटते, की हा राजा व्हायला बघतो आहे. पुन्हा सिन्सिनॅटसला हुकूमशहा नेमतात, आणि त्याचा दुय्यम अधिकारी भर चौकात मीलियसला ठार करतो. खटला नाही, काही नाही. आणि आपला नांगरवाला सज्जन त्या अधिकाऱ्याला शाबासकी देतो.

ही दुसरी गोष्ट मुलांच्या पुस्तकात मला अजून एकदाही भेटलेली नाही. मी दोन्ही गोष्टी एकाच दिवशी वाचायला देते. मग मुलं जे प्रश्न विचारतात, ते त्या रिकाम्या जागेत मावत नाहीत. मीलियस खरंच राजा होणार होता का? हे कोण म्हणतं? पुरावा कुणाकडे होता? एका मुलाने विचारलं, "धान्य वाटणं हा गुन्हा आणि नांगर धरणं हा गुण, हे ठरवलं कोणी?" पंधरा वर्षांचा मुलगा आहे. मी त्या दिवशी पुढचा धडा घेतलाच नाही.

आणि याच्याही मागचा प्रश्न: लिव्हीला हे कळलं कसं? लिव्ही जन्मला इ.स.पू. ५९ मध्ये. म्हणजे तो चारशेहून अधिक वर्षांपूर्वीचं सांगतो आहे. आज कुणी शिवजन्माच्याही आधीचे प्रसंग संवादासकट लिहून काढावेत, तसं हे झालं. मध्यंतरी गॉल टोळ्यांनी रोम जाळलं होतं, आणि त्यात जुन्या नोंदी बहुतेक नष्ट झाल्या, हे लिव्ही स्वतःच सांगतो. बिचारा प्रामाणिक आहे! त्याची ही कबुली आपली पुस्तकं मुलांपासून लपवतात आणि वर त्याच्याच गोष्टी प्रामाणिकपणाचा धडा म्हणून सांगतात.

आता त्या पालकांच्या तक्रारीकडे येते. तक्रार आली ती गुलामगिरीच्या तासावरून. मी मुलांना टॅसिटसच्या इतिहासातली दोन-तीन पानं दिली होती. प्रसंग इ.स. ६१ चा. रोमचा नगरप्रमुख पेडॅनियस सेकंडस याचा त्याच्याच एका गुलामाने खून केला. कारणं दोन सांगतात. त्यातलं एक असं, की स्वातंत्र्याची किंमत ठरल्यावर मालकाने शब्द फिरवला. जुना दंडक असा, की मालकाचा खून घरातल्या गुलामाने केला तर त्या छपराखालच्या सगळ्या गुलामांना ठार करायचं. पेडॅनियसच्या घरात चारशे गुलाम होते. म्हातारे, बायका, पोरं, सगळे धरून चारशे.

सिनेटमध्ये चर्चा झाली. गायस कॅसियस हा मोठा कायदेपंडित उभा राहिला आणि म्हणाला, दंडक पाळलाच पाहिजे. त्याचा युक्तिवाद साधारण असा: आपल्या घरांत आता परक्या मुलखांतले, परक्या देवांचे लोक भरले आहेत, त्यांना धाकाशिवाय आवरता येणार नाही. निरपराध मरतील हे खरं, पण मोठ्या शिक्षेत थोडा अन्याय असतोच, सगळ्यांच्या भल्यापुढे तो चालतो. त्याच्याविरुद्ध एकट्याने उभं राहायची कुणाची हिंमत झाली नाही. शेवटी शिक्षा कायम झाली. पण बाहेर रोमचे साधे लोक दगड आणि मशाली घेऊन जमले. नीरोने त्यांना दटावणारा हुकूम काढला, आणि ज्या रस्त्याने त्या चारशे जणांना नेलं त्याच्या दोन्ही बाजूंनी सैनिक उभे केले.

मुलांना मी एकच काम दिलं. टॅसिटसने कॅसियसचं भाषण सविस्तर दिलं आहे, विरुद्ध बाजूचे मात्र नुसते गलबल्यातले आवाज. तर ते न झालेलं भाषण तुम्ही लिहा. भावनेवर नाही, कॅसियसच्या एकेका मुद्द्याला उत्तर द्या. ज्या मुलीला नंतर पाठवणं बंद झालं, तिचं भाषण सातांत सर्वांत नेटकं होतं. तिने लिहिलं होतं: तुम्ही म्हणता गुलामांनी मालकाला आधी सावध करायला हवं होतं, पण ज्याला बोलायची परवानगीच कधी दिली नाही, त्याने बोललं नाही म्हणून त्याला मारायचं?

पालकांचे आक्षेप तीन होते. एक, विषय भयंकर आहे, मुलं लहान आहेत. दोन, त्या काळी तसंच होतं, आजच्या नजरेने कशाला बघायचं? तीन, यातून मुलांच्या मनात थोरामोठ्यांबद्दल शंका निर्माण होते.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. रोमन कायद्याप्रमाणे मुलीचं लग्नाचं वय बारा होतं. माझ्या वर्गातली सर्वांत लहान मुलगी तेरा वर्षांची आहे. तिच्या वयाच्या मुलींना जे भोगावं लागलं ते तिने वाचूसुद्धा नये? स्पार्टाकसच्या बंडानंतर इ.स.पू. ७१ मध्ये सहा हजार माणसांना कापुआ ते रोम या रस्त्यावर क्रुसावर चढवलं, असं अपियन लिहितो. हे गाळून त्याच रस्त्याच्या दगडी बांधणीचं कौतुक शिकवायचं असेल, तर ते रस्तेबांधणीचा धडा म्हणून शिकवा, इतिहास म्हणू नका.

दुसरा आक्षेप जास्त पसरलेला आहे, आपल्याकडेही. 'त्या काळी तसंच होतं.' अहो, कोणासाठी तसंच होतं? दगड आणि मशाली घेऊन आलेले लोक त्याच काळातले होते ना? कॅसियसला जसं वाटत होतं, तसंच सगळ्या रोमला वाटत असतं, तर रस्त्यावर सैनिक उभे करावे लागले नसते. 'त्या काळी' म्हणून आपण जे सांगतो, ते बहुतेक वेळा त्या काळातल्या मालकांचं मत असतं. चारशे गुलामांपैकी एकाचाही एक शब्द आपल्यापर्यंत पोचलेला नाही. स्पार्टाकसचाही नाही. जे पोचलं, ते लिहिता येणाऱ्यांचं, आणि बहुतेक वेळा गुलाम बाळगणाऱ्यांचं. मुलांना एवढं एक जरी कळलं, तरी माझे वर्षभराचे गुरुवार वसूल झाले.

आणि तिसरा आक्षेप, शंकेचा. इथे मला खरा राग येतो.

शाळेतल्या मुलाला दिवसाकाठी पाच-सहा शिक्षक भेटतात. एक म्हणतो डावीकडे, दुसरा उजवीकडे. शेजारच्या बाकावरच्या पोराच्या घरी तिसरंच काही चालतं. शाळेला मी कितीही नावं ठेवली तरी हा एक गुण तिच्यात आपोआप असतो. घरी शिकणाऱ्या मुलाचं काय? पुस्तक निवडणारी आई, समजावून सांगणारी आई, परीक्षा घेणारी आई, पास करणारीही आईच. आमच्याकडे तर तपासायलाही कुणी येत नाही. म्हणजे त्या मुलाच्या जगाची गोष्ट सांगणारा माणूस एकच आहे. लिव्हीसारखा. जुन्या नोंदी जळालेल्या, दुसरा साक्षीदार नाही, आणि सांगणाऱ्याचा हेतू तर फारच उदात्त!

म्हणूनच आपल्या मुलांना 'हे कोण सांगतंय, कधी, कशासाठी, आणि कोणाला बोलू दिलेलं नाही' हे विचारायची सवय शाळेतल्या मुलांपेक्षा जास्त लागते. त्यासाठी रोमइतकं सोयीचं मैदान दुसरं नाही. माणसं दोन हजार वर्षांपूर्वी मेली, आज कुणाच्या भावना दुखावत नाहीत, साधनं मोजकी आहेत आणि भाषांतरात सहज मिळतात. हा सराव रोमवर करायचा आणि मग जगात वापरायचा. होय, घरातसुद्धा. माझी मुलगी आता मला विचारते, "आई, हे तुला कुठून कळलं?" उत्तर द्यायला कधी कधी नाकी नऊ येतात. पण ज्या आईला हा प्रश्न नको आहे, तिने मुलांना घरी का ठेवलं आहे, हे एकदा स्वतःला विचारावं.

इथे कुणी म्हणेल, की मग मुलांना कशावरच विश्वास राहणार नाही. हे मात्र साफ खोटं आहे. शंका घेतली की काही गोष्टी गळतात, आणि ज्या उरतात त्या पक्क्या होतात. कार्थेजचं उदाहरण घ्या. रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये ते उद्ध्वस्त केलं, हे पक्कं. तिथे मीठ पेरलं, हे मात्र एकाही प्राचीन लेखकाने लिहिलेलं नाही, मागाहून चिकटलेलं आहे. नीरो आणि फिडल? फिडल तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. इ.स. ६४ च्या आगीच्या वेळी तो अँटियमला होता, परत आल्यावर त्याने बेघरांसाठी स्वतःच्या बागा उघडल्या, धान्य स्वस्त केलं, हे टॅसिटस लिहितो, आणि टॅसिटस काही नीरोचा चाहता नव्हता. रोम जळताना तो गात होता, हे टॅसिटस अफवा म्हणून देतो, तर सुएटोनियस तेच ठाम सत्य म्हणून. आग नीरोने लावली का? टॅसिटस म्हणतो, नक्की नाही. मुलांनी हे तिन्ही उतारे शेजारी शेजारी ठेवून तक्ता केला: नक्की, बहुधा, अफवा. त्यानंतर त्यांचा विश्वास कमी झालेला नाही, उलट तो जागच्या जागी बसला आहे.

आणि कधी कधी मधला कुणीच नसतो, थेट आवाज ऐकू येतो. इंग्लंडच्या उत्तरेला विंडोलांडा नावाचं रोमन ठाणं आहे. तिथे १९७३ पासून लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडत आली आहेत. एकात पायमोजे आणि आतल्या चड्ड्या पाठवल्याचा उल्लेख आहे! (मुलं दहा मिनिटं हसत होती.) आणि एकात, इ.स. १०० च्या सुमारास, क्लॉडिया सेव्हेरा नावाची बाई मैत्रिणीला आपल्या वाढदिवसाला बोलावते आहे. पत्र लेखनिकाच्या अक्षरात आहे, पण शेवटच्या ओळी तिने स्वतः लिहिल्या आहेत. अक्षर जरा ओबडधोबड. स्त्रीच्या हातच्या सर्वांत जुन्या लॅटिन अक्षरांपैकी हे एक. चांगल्या नागरिकत्वाच्या पुस्तकात हिला जागा नाही, कारण हिच्यापासून 'शिकण्यासारखं' काही नाही. ती फक्त खरी आहे.

राहता राहिला रोमच्या पतनाचा धडा. 'नीती ढासळली म्हणून पडलं.' अलेक्झांडर डेमान्ट या जर्मन इतिहासकाराने १९८४ मध्ये, आजवर लोकांनी रोमच्या पतनाची कोणकोणती कारणं सांगितली याची यादीच केली. ती भरली २१०! ज्याला ज्या गोष्टीची चीड, त्याला रोम त्यापायी पडलेलं दिसतं. कुणाला परकीय, कुणाला कर, कुणाला ख्रिस्ती धर्म, कुणाला आंघोळीची गरम हौदं. शिवाय ४७६ मध्ये 'पडलेल्या' साम्राज्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग १४५३ पर्यंत स्वतःला रोमन म्हणवत उभा होता, हे त्या धड्यात सांगत नाहीत. जवळजवळ हजार वर्षं नीती कुठे होती?

आता आत्याचा प्रश्न. "आपला एवढा इतिहास सोडून त्या रोमनांचं काय घेऊन बसलीस?" आत्या, आपला इतिहास सोडलेला नाही, त्याच वाटेवर तो भेटतो. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची माहिती लिहून ठेवली, 'पेरिप्लस' म्हणतात तिला. त्यात पैठण आहे, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आपलं तेर. सोपारा आणि कल्याणही आहे. इ.स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत १९३८ साली एक हस्तिदंती भारतीय मूर्ती सापडली, आणि तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती तेर आणि भोकरदनला निघाल्या आहेत.

पण थांब, लगेच ओवाळू नकोस. कारण आपलेही सुविचार आहेत. त्या मूर्तीला 'लक्ष्मी' म्हणतात, पण ती लक्ष्मीच आहे याबद्दल अभ्यासकांना शंका आहे, यक्षीही असेल. आणि भारतात रोमचं सोनं कसं वाहत येत होतं याचा पुरावा म्हणून आपण सगळे प्लिनीचा आकडा फिरवतो: वर्षाला पाच कोटी सेस्टर्स. तोच प्लिनी दुसऱ्या ठिकाणी भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दहा कोटी म्हणतो, आणि तिथे त्याचा खरा रोख बायकांच्या चैनीवर आहे. तो हिशेबनीस कमी आणि कुरकुरणारा काका जास्त. व्यापार होता, मोठा होता, हे दुसऱ्या पुराव्यांवरूनही दिसतं. पण त्याचा आकडा आपल्याला गोड लागतो म्हणून तपासायचा नाही, आणि लिव्हीच्या गोष्टी मात्र तपासायच्या, असं मी मुलांना कुठल्या तोंडाने सांगू? नियम एकच. जी गोष्ट सर्वांत आवडते, ती आधी तपासायची.

तर, घरी शिकवणाऱ्या मंडळींनो, एवढंच करा. त्या रिकाम्या जागांच्या वह्या बाजूला ठेवा. मुलांना मूळ लेखकाचं एक पान द्या, शक्य असेल तर त्याच प्रसंगावर दुसऱ्या लेखकाचं आणखी एक. 'काय शिकलात' हे विचारू नका. विचारा, हा कोण, याला कसं कळलं, आणि इथे कोण गप्प आहे. मग गप्प बसा आणि ऐका. हे शेवटचं सर्वांत कठीण आहे, विशेषतः आयांना.

त्या मुलीची खुर्ची अजून टेबलाशी आहे. तिचं भाषण मी तिला परत पाठवलं, समासात एवढंच लिहून, की कॅसियसच्या तिसऱ्या मुद्द्याला तू उत्तर दिलेलं नाहीस. वेळ झाला की दे.